आधी सलाम

१२ जानेवारी, सोमवार

पुन्हा पडद्यामागे! सुट्टीनंतर तुम्हाला स्वतंत्र खोली, असं हॅगर्टीसाहेब — आमचे मुख्याध्यापक — छातीवर हात ठेवून म्हणाले होते. खोली रिकामी झालीसुद्धा. पण ती मिळाली झेरॉक्सच्या मशीनला. मशीनला दमट हवा सोसत नाही म्हणे. मला आणि माझ्या मुलांना सोसते, असं गृहीत धरलेलं दिसतं.

म्हणजे आणखी सहा महिने जेवणघराच्या स्टेजवर, पडदा ओढून. पडद्याच्या अलीकडे मी मुलांकडून ‘प’ आणि ‘ब’ वेगवेगळे वदवून घेतेय (आमच्या अरबीत ‘प’ नाहीच, त्यामुळे घरोघरी बेप्सी), आणि पलीकडे अख्खी शाळा नगेट्स खातेय. कुणाचा वाढदिवस असला की टेबलं बडवतात. आज दोन वाढदिवस होते.

वर सगळे मला ‘अरबीवाल्या बाई’ म्हणतात. अरे, मी इंग्रजी शिकवते! अरबी मुलांना येतं. इंग्रजी यावं म्हणून तर मला ठेवलंय.

१४ जानेवारी, बुधवार

आज अश्वाकने स्टेजवर कोंबडीची गोष्ट सांगितली. मायदेशी, इब्ब शहरात आजीच्या घरी एक कोंबडी होती, ती नमाजाच्या चटईवरच अंडी घालायची. आजी दर वेळी तिला रागावायची आणि दर वेळी अंडं उचलून तळायची. सगळं इंग्रजीत! कोंबडीला ‘तो’ म्हणाली, भूतकाळाचा चुराडा केला, पण पोरं पोट धरून हसत होती. तिसरीतली मुलगी. बाप बरीच वर्षं इथं, पेट्रोलपंपाच्या दुकानात. बायको आणि दोन मुलींना त्याने परवा परवा, म्हणजे गेल्याच्या गेल्या वर्षी आणलं. एवढ्याशा काळात एवढं इंग्रजी म्हणजे कमाल आहे.

आणि दुपारी कॉफीच्या मशीनपाशी तिच्या वर्गशिक्षिका ग्राबोव्स्कीबाई मला काय म्हणाल्या? की अश्वाक तोंडच उघडत नाही. सप्टेंबरपासून एक शब्द नाही. तिला समजतंय का, अशीच शंका येते म्हणे. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, तपासणी करून घेऊ या का?

मी कोंबडीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, आणि माझ्याकडे बघितलं, आई मुलीची बाजू घेते तेव्हा तिच्याकडे बघतात तसं.

तपासणी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एकदा त्या वाटेला लागलं की पुढे विशेष वर्ग. तो हायवेपलीकडच्या शाळेत. धाकटी तकवा इथल्या बालवर्गात राहणार, आणि ही एकटी बसने तिकडे. ज्या मुलांना त्या वर्गाची गरज आहे त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे. पण अश्वाकला गरज आहे ती समोर ऐकणारं माणूस असण्याची. आणि तिकडे गेलेलं आमचं एकही पोर परत आलेलं मी पाहिलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

कळलं! वर्गात का बोलत नाही, ते सरळ तिलाच विचारलं. इतके दिवस कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात ग्राबोव्स्कीबाईंनी तिला पाढा विचारला. ही उभी राहिली. म्हणाली, गुड मॉर्निंग. तुम्ही कशा आहात? आई कशी आहे? वडील? घरचे सगळे बरे? सगळं इंग्रजीत, आईने आदल्या रात्री घोकून घेतलेलं. वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, बाळा, नुसतं उत्तर दे. आता आमच्यात आधी सलाम, मग बोलणं. सलामाला उत्तर न देता पुढे बोलायला लावणारा माणूस एक तर रागावलेला असतो, नाही तर उद्धट. बाई आपल्यावर रागावल्यात अशी तिची समजूत झाली, आणि रागावलेल्या माणसापुढे आपण गप्प बसायचं, ही दुसरी शिकवण. झालं! पाच महिने गप्प.

मी म्हटलं, अगं, त्यांच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली. तर तिने तोंडावर हात ठेवला. “म्हणजे टीचर, मी त्यांना रडवलं?”

२२ जानेवारी, गुरुवार

ग्राबोव्स्कीबाईंना समजावलं. त्यांचे डोळे भरून आले. बाई मनाने खरंच वाईट नाहीत. पण आज सकाळी त्यांनी काय करावं? सगळ्या वर्गासमोर, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं हातवारे करून, एकेक अक्षर सुटं करत — गुड! मॉर्निंग! अश्वाक! पोरं पुन्हा हसली. अश्वाक बाकाखाली शिरायची बाकी होती.

करायला गेले काय!

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझा एकही तास झाला नाही. दुसरीच्या बाई आजारी, म्हणून मला तिकडे बसवलं. गेल्या आठवड्यात संगीताचे सर नव्हते, तेव्हाही मीच. शाळेत कुणी शिंकलं की माझी मुलं बिनशिक्षणाची. हॅगर्टीसाहेबांना म्हटलं, ह्या मुलांना रोज इंग्रजीचा तास मिळणं कायद्याने बंधनकारक आहे. ते म्हणाले, तुम्ही दुसरीत इंग्रजीच बोलत होतात ना? काय बोलणार ह्यावर! वेड घेऊन पेडगावला जाण्यात हा माणूस पटाईत आहे.

माझ्या मुलांची इंग्रजीची वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली. नवीन हेडफोन आले. अर्ध्यांना माईक नाही. आणि ती बोलण्याची परीक्षा आहे!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ग्राबोव्स्कीबाईंनी सगळ्यांसाठी पोलिश पॉन्चकी आणल्या, आत मुरंबा भरून तळलेल्या. उद्यापासून त्यांचा ईस्टरआधीचा उपास, आमचाही उद्यापासून रमझान. यंदा दोघींनी बरोबरच पोट भरून घेतलं. गुलाबाच्या मुरंब्याच्या होत्या, दोन खाल्ल्या.

खाता खाताच त्यांनी सांगितलं की तपासणीचा अर्ज गेला. मे महिन्यात बैठक. परीक्षेतला बोलण्याचा आकडा त्यात मुख्य धरणार. मी म्हटलं, ठीक. आकडाच बोलू दे. कारण अश्वाक बोलते. खुर्चीत बसवून समोर प्रश्न ठेवला की ती बोलणारच, ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

परीक्षा कॉम्प्युटरवर. पडद्यावर चित्रातली एक बाई येते, एक चित्र दाखवते, प्रश्न विचारते. मग लाल गोल पेटतो. गोल पेटलेला असेतो मुलाने माईकमध्ये बोलायचं. गोल विझला की संपलं. मी खोलीत हजर, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. खूण नाही, मान हलवणं नाही. शपथपत्रावर सही आहे माझी.

अश्वाक बसली. अर्ध्या दिवसाचा रोजा धरलेला, त्यामुळे मोठ्या ऐटीत. चित्रातल्या बाईने बागेचं चित्र दाखवलं, इथं काय चाललंय ते सांग म्हणाली. लाल गोल पेटला. अश्वाकने ओढणी सारखी केली आणि खणखणीत आवाजात, एकही चूक न करता इंग्रजीत सुरू केलं —

“गुड मॉर्निंग. तुम्ही कशा आहात? आई कशी आहे? वडील बरे आहेत ना? घरी सगळं ठीक?”

आणि थांबली. उत्तराची वाट बघत. गोल विझला.

दुसरं चित्र. ह्या वेळी चित्रातला एक मुलगा विचारत होता. नवा माणूस, म्हणजे नवा सलाम! पुन्हा आई, वडील, भावंडं. पुन्हा थांबली. पुन्हा गोल विझला. मी नखं तळव्यात रुतवून उभी. तिसऱ्याला तिने आजीचीही विचारपूस केली, न जाणो मघाशी काही कमी पडलं असेल. चौथ्याला तिचा आवाज बारीक झाला. शेवटी तिने हेडफोन थोडा बाजूला केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “टीचर, ह्या बाई माझ्यावर रागावल्यात का?”

आणि मी गप्प! मान हलवायची नाही म्हणून मान ताठ ठेवून भिंतीकडे बघत राहिले. म्हणजे तिच्या हिशेबाने मीही रागावले. उरलेल्या प्रश्नांना तिने तोंड उघडलंच नाही.

आमच्या लोकांनी करावी अशीच चूक. त्या चित्रातल्या बयेला एक ‘हॅलो’ म्हणायला काय धाड भरली होती?

२५ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या ऑफिसला तीन फोन. पुन्हा परीक्षा घ्या म्हटलं. तिकडचा माणूस विचारतो, यंत्र बिघडलं होतं का? नाही. मुलगी आजारी? नाही. आवाज मुद्रित झाला? झाला. मग परीक्षा झाली. मी म्हटलं, अहो, ती मुलगी सबंध वेळ शुद्ध इंग्रजीत बोलत होती! तर म्हणे, मग काळजी कसली? तपासणारे त्याप्रमाणे गुण देतील.

पालथ्या घड्यावर पाणी.

२० मार्च, शुक्रवार

ईद. आज शाळेबद्दल अक्षर लिहायचं नाही.

निम्मी शाळा घरी असताना हॅगर्टीसाहेबांनी आजच गणिताची चाचणी ठेवली होती! लिहायचं नाही म्हटलं ना.

१८ मे, सोमवार

निकाल. अश्वाक — ऐकणं वरच्या पातळीवर. वाचणं बरं. लिहिणं बरं. बोलणं तळाला, त्याखाली आकडाच नाही.

हॅगर्टीसाहेबांना म्हटलं, जी मुलगी एवढं ऐकून समजते, एवढं वाचते, ती बोलण्यात तळाला कशी, ह्याचं नवल नाही वाटत? ते म्हणाले, तेच तर, काहीतरी गडबड आहे तिच्यात. गुरुवारी बैठक. वडिलांना बोलावलंय. त्यांना इंग्रजी येत नाही, फोनवर दुभाष्या ठेवलाय.

घरी आल्यावर यह्याला — माझ्या नवऱ्याला — सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू जरा कमी भांड, तुझीच तपासणी करतील.

२१ मे, गुरुवार

सगळं लिहून काढते, नाही तर झोप लागायची नाही.

टेबलाभोवती हॅगर्टीसाहेब, ग्राबोव्स्कीबाई, वरच्या ऑफिसातून आलेल्या तपासणीच्या बाई आणि मी. समोर मुकबिल, अश्वाकचे वडील. दुकानातून तसेच आलेले, शर्टावर नावाची पट्टी. गंभीर माणूस. मला अरबीत सलाम केला, घरच्यांची नीट विचारपूस केली, मग हात मांडीवर ठेवून बसले. अश्वाक बाहेर बाकावर. आई तकवाला घेऊन दवाखान्यात, म्हणून हिला आणलेलं.

फोनवरचा दुभाष्या निघाला मोरोक्कोचा! त्याचं अरबी मलाच आठ आण्यांतलं चार आणे कळत होतं. मुकबिल फोनकडे अदबीने बघत राहिले. जरा वेळाने फोनच कटला. पुन्हा लावला तर गाणं वाजत राहिलं.

मी म्हटलं, मी सांगते त्यांना. नाही! मी बैठकीची सदस्य, मला दुभाषी होता येत नाही, तसा नियम. बरं. मग हॅगर्टीसाहेब काय म्हणाले असतील? “अश्वाक बाहेरच आहे ना? तीच सांगेल की पटकन.”

मुलांना दुभाषी करू नये असाही नियम आहे, हे मी म्हटलं. ते म्हणाले, पाच मिनिटांचं तर काम. नियम फक्त मला लागू.

म्हणजे मुलीला इंग्रजी बोलता येत नाही, हे वडिलांना इंग्रजीतून अरबीत सांगण्यासाठी त्याच मुलीला आत बोलावलं. आणि त्या तीन जाणत्या माणसांत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मला हसावं की किंचाळावं कळेना. म्हटलं, आता गप्प बसायचं. तिला बोलू दे. त्यांच्या कानांनी ऐकू दे.

अश्वाक आली. एकेकाला सलाम, एकेकाच्या आईची विचारपूस. ग्राबोव्स्कीबाईंच्या आईबद्दल मात्र विचारलं नाही. “तुमच्या बहिणी कशा आहेत?” म्हणाली. तपासणीच्या बाईंनी हसून घड्याळ बघितलं आणि सुरू केलं. की तुमच्या मुलीला शिकण्यात अडचण असावी, असा आमचा अंदाज आहे. वयाच्या मानाने तिचं बोलणं फार मागे आहे. विशेष वर्गात, दुसऱ्या शाळेत ठेवावं असं आम्ही सुचवतो.

अश्वाकने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग वडिलांकडे वळली आणि अरबीत म्हणाली —

“बाबा, ह्या बाई म्हणतात की तुमची मुलगी चांगली आहे. सगळं समजतं तिला. म्हणून मोठ्या शाळेत पाठवतायत. बस घरापर्यंत येते, पैसे नाही पडत.”



वडिलांनी विचारलं, “आणि तकवा?” तिने इंग्रजीत विचारलं, माझे वडील विचारतात की माझ्या बहिणीचं काय? ती इथेच राहील, असं उत्तर आलं. अश्वाकने वडिलांना सांगितलं, “तकवा पुढच्या वर्षी येईल. आता लहान आहे ना.”

मुकबिलनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “अल्हम्दुलिल्लाह. हुशार आहे माझी मुलगी.” हॅगर्टीसाहेबांनी कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. मुकबिलनी पेन उचललं.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. “थांबा,” म्हटलं. दोन्ही भाषांत म्हटलं. मग इंग्रजीत सगळं बाहेर काढलं. की ह्या मुलीने आत्ता काय केलं, कळलं का तुम्हाला? तुमचं अख्खं वाक्य तिला कळलं. ‘शिकण्यात अडचण’सुद्धा. ते वडिलांना लागेल म्हणून तिने जागच्या जागी दुसरं वाक्य बनवलं. तुम्ही म्हणालात तकवा इथेच राहील, तिने त्यांना सांगितलं पुढच्या वर्षी येईल. इतकं सफाईदार खोटं बोलायला किती भाषा यावी लागते, सांगा! असं करणारी मुलगी तुम्हाला मागे पडलेली वाटते?

ग्राबोव्स्कीबाईंनी तोंडावर हात धरला. “मी तिचा एवढा आवाज पहिल्यांदाच ऐकला,” म्हणाल्या. तपासणीच्या बाईंनी कागद मागे ओढून घेतला. म्हणाल्या, ऑक्टोबरात पुन्हा बघू, समोर माणूस बसवून बोलण्याची परीक्षा घेऊ, तोवर इथेच राहू दे.

मग मी मुकबिलकडे वळले आणि खरं काय ते अरबीत सांगितलं. वडिलांपासून लपवणं मला बरं वाटेना. अश्वाक जमिनीकडे बघत होती. ते फक्त “बरं” म्हणाले, पेन टेबलावर ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन गेले.

२२ मे, शुक्रवार

जिंकलो! पंधरा वर्षांत एवढ्या लोकांना एवढं गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं. हॅगर्टीसाहेब कॉरिडॉरमध्ये मला बघून खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत. यह्याने रात्री सबाया केली, आमची पदरांची भाजलेली पोळी, वर मध सढळ हाताने. मीही मोजला नाही.

अश्वाक तासाला आली नाही. पोट दुखतं म्हणे.

२६ मे, मंगळवार

आजही पोट. कोंबडीची गोष्ट पुन्हा सांगतेस का, म्हणून वर्गाच्या दारातून विचारलं. नुसती मान हलवली. थकली असेल. उद्या मोठी ईद आहे, मग येईल.

२९ मे, शुक्रवार

सकाळी फाटकाशी मुकबिल. ईदच्या मिठाईचा डबा माझ्या हातात दिला. मुली आत जाईपर्यंत थांबले. मग इंग्रजीत बोलले! स्वच्छ, इथल्या काउंटरवरचं, माझ्यापेक्षा वेगवान. म्हणाले, उस्ताझा, तुम्ही पोरीसाठी भांडलात, अल्लाह तुमचं भलं करो. पण मी अकरा वर्षं दुकान चालवतोय. त्या दिवशी मला पहिल्या शब्दापासून सगळं कळत होतं.

माणूस गप्प बसलाय म्हणजे त्याला येत नाही, हे मीसुद्धा धरून चालले होते. शेवटी एवढंच विचारलं, मग पेन का उचललंत?

“सही न करता परत द्यायला. पोरगी मला वाचवत होती. म्हटलं, वाचवलं असं वाटू दे तिला.” थोडं थांबले. “काल विजेचं बिल तिच्यापुढे धरलं, बेटा, वाचून दाखव म्हटलं. म्हणाली, बाबा, मला इंग्रजी येत नाही.”